प्रदर्शन संपलं, आता काय बघू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की म्युझियम आणि प्रदर्शनांबद्दल जे काही मनात असेल ते बिनधास्त विचारा. प्रश्न भरपूर आले, त्यातले बरेचसे मुंबईतल्या म्युझियमांबद्दल, आणि त्यातही निम्म्या लोकांचं दुखणं एकच, की जाऊ जाऊ म्हणता प्रदर्शन संपलं. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमलं नाही, पण निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक): ताई नमस्कार. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ ला ब्रिटिश म्युझियमच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन होतं ते ऑफिसच्या धावपळीत हुकलं, मग २०२३ ला ग्रीक-रोमन-इजिप्तच्या मूर्ती आल्या तेही हुकलं. रविवारी जाऊ रविवारी जाऊ करत राहिलो. आता त्यातलं काही बघायला मिळेल का, की विषय संपला?

उत्तर: विषय अजिबात संपलेला नाही. तुम्ही म्हणताय ते पहिलं प्रदर्शन म्हणजे 'इंडिया अँड द वर्ल्ड', नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८, नऊ भागांत मांडलेलं, दोनशेच्या वर वस्तू, कला-इतिहासकार नमन आहुजा आणि ब्रिटिश म्युझियमचे जे. डी. हिल यांनी केलेलं, आणि इथून ते दिल्लीच्या नॅशनल म्युझियमला गेलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त 'लंडनहून आलेल्या वस्तू' असं. त्यातल्या जवळपास निम्म्या वस्तू आपल्याच होत्या हो, भारतातल्याच म्युझियमांमधल्या आणि खाजगी संग्रहांमधल्या! त्या प्रदर्शनाची गंमतच ती होती, की आपली वस्तू आणि त्याच काळातली बाहेरची वस्तू शेजारी शेजारी. जहांगीर बादशहाचं चित्र रेम्ब्रांट या डच चित्रकाराने तिकडे हॉलंडमध्ये बसून काढलं होतं, कारण मुघल चित्रं जहाजातून तिथवर पोचली होती आणि त्याला ती आवडली होती. असं काही बघितलं की शाळेतला इतिहास एकदम वेगळाच दिसायला लागतो.

आता मुद्दा असा की पाहुणे परत गेले पण घरचे घरीच आहेत. त्या प्रदर्शनात सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख होता, म्हणजे त्याचा एक तुकडा. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, पश्चिम रेल्वेवरचं, तेच. ही वस्तू म्युझियमच्या स्वतःच्या संग्रहातली आहे. काळा बसाल्टचा दगड, आपल्या सह्याद्रीत सगळीकडे असतो तसलाच, त्यावर ब्राह्मी अक्षरं, साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची. जवळ जाऊन थोडं तिरपं उभं राहा म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि एकेक अक्षर सुटं दिसायला लागतं, समोरून बघितलं तर दगड नुसता काळा दिसतो. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, पण ती किती साधी आहेत ते बघा, एक उभी रेघ, एक गोल, एक अधिक चिन्हासारखं, ते 'क' आहे. आपली देवनागरी इथूनच चालत आली. विरार लोकलमध्ये लटकणाऱ्या लाखो लोकांच्या स्टेशनाजवळ सम्राट अशोकाचा लेख सापडलाय आणि आपल्यातल्या कितीजणांनी तो बघितलाय, मला खरंच मनापासून वाटतं की प्रत्येक मुंबईकराने एकदा तरी बघावा. फक्त जाण्याआधी म्युझियमला फोन करून तो सध्या मांडलेला आहे ना हे विचारून घ्या.

२०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मूर्तींच्या प्रदर्शनाचंही तसंच. भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोम असं सगळं एकत्र होतं, अमेरिकेतलं गेटी, ब्रिटिश म्युझियम आणि बर्लिनच्या म्युझियमांच्या मदतीने. बाहेरच्या मूर्ती गेल्या, पण तळमजल्याचं शिल्पदालन तिथेच आहे. मीरपूरखासची मातीची शिल्पं आहेत, ती सिंधमधल्या बौद्ध स्तूपावरची, घारापुरीहून आलेला ब्रह्मदेव आहे. प्रदर्शनाच्या वेळी लोक ग्रीकांचा देव अपोलो आणि इजिप्तची सिंहमुखी देवी सेख्मेत शोधत याच्यासमोरून पुढे पळत होते. आता गर्दी नाही, तेव्हा निवांत उभं राहून बघा.

प्रश्न (पुण्याहून एक काका): बाहेरच्या देशातून वस्तू येतात त्या खऱ्याच असतात का? आमच्या कट्ट्यावर एकजण ठामपणे म्हणतो की एवढ्या किमती वस्तू कोणी पाठवत नाही, प्लास्टरच्या कॉप्या पाठवतात आणि आपल्याला येडं बनवतात.

उत्तर: काका, खऱ्याच असतात, आणि कॉपी असेल तर तसं पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. वस्तू येते कशी ते सांगते म्हणजे तुमच्या कट्ट्यावर सांगता येईल. ज्या म्युझियमची वस्तू असते त्यांचा एक माणूस पेटीबरोबर प्रवास करतो, त्याला त्यांच्या भाषेत कुरिअरच म्हणतात. पेटी म्हणजे आतून त्या वस्तूच्या आकाराचा फोम कापलेला मोठा लाकडी क्रेट. इथे पोचला की लगेच उघडत नाहीत, साधारण एक दिवस तसाच बंद ठेवतात, कारण लंडनची थंड हवा आणि मुंबईची दमट हवा यात एवढा फरक की एकदम उघडलं तर लाकूड, रंग, हस्तिदंत यांना तडे जाऊ शकतात. मग उघडताना दोन्हीकडचे लोक कंडिशन रिपोर्ट घेऊन बसतात, म्हणजे निघताना वस्तूवर कुठे चरा होता, कुठे टवका उडाला होता त्याची फोटोसकट नोंद, आणि ती एकेक करून ताडून बघतात. परत जाताना पुन्हा तेच सगळं. प्लास्टरसाठी एवढं कोण करेल सांगा.

पण तुमच्या मित्राच्या शंकेला एक मस्त उदाहरण आहे. 'इंडिया अँड द वर्ल्ड'मध्ये थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचा संगमरवरी पुतळा आला होता, टाउनली डिस्कोबोलस म्हणतात तो. हा पुतळा अस्सल रोमन, दुसऱ्या शतकातला, इटलीत तिवोलीला हेड्रियन बादशहाच्या महालाच्या जागी १७९१ मध्ये सापडलेला. आणि तरीही तो कॉपीच आहे! मूळ पुतळा मायरन नावाच्या ग्रीक शिल्पकाराचा, ब्राँझचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, तो कधीच नाहीसा झाला. रोमन लोकांना ग्रीक पुतळे इतके आवडायचे की संगमरवरात प्रती करून घ्यायचे, आणि आज मायरन आपल्याला कळतो तो अशा प्रतींमुळेच. शिवाय या पुतळ्याचं डोकं मूळचं नाही, सापडल्यानंतर दुरुस्ती करताना बसवलेलं आहे आणि तेही चुकीच्या दिशेला, खेळाडू मूळ पुतळ्यात मागे थाळीकडे बघत होता, हा खाली बघतोय. म्हणजे खरं की खोटं एवढा एकच प्रश्न विचारला तर या पुतळ्याबद्दल काहीच हाती लागत नाही, कोणी, कधी, कशासाठी केला असं विचारलं की सगळी गोष्ट उलगडते.

आणि २०१२-१३ ला आलेली ममी सुद्धा खरीच होती, नेस्पेरेन्नब नावाचा इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला पुजारी, इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचा. त्याची पेटी कधी उघडलेलीच नाही, सीटी स्कॅन करून आत काय आहे ते बघितलं आणि त्याची थ्रीडी फिल्म प्रेक्षकांना दाखवली. स्कॅनमध्ये काय दिसलं असेल, तर त्याच्या डोक्याला मागे एक मातीचं भांडं चिकटलेलं! ममी करताना राळ ओतली त्यात ते अडकलं आणि निघेना, तसंच गुंडाळून टाकलं. जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीच्या कामगारांची ती गडबड मुंबईत येऊन आपण बघितली.

प्रश्न (ठाण्याहून एक शिक्षिका): लघुचित्रांच्या दालनात एवढा अंधार का ठेवतात हो, डोळे फोडून बघावं लागतं. आणि मागच्या वर्षी मला एक चित्र फार आवडलं होतं, यावेळी मुलांना दाखवायला नेलं तर ते तिथे नव्हतंच, विचारलं तर म्हणे आत ठेवलंय.

उत्तर: दोन्हीचं कारण एकच, उजेड. कागदावरचे रंग आणि जुनं कापड उजेडाने उडत जातं आणि एकदा उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवायचा असं जगभरातली म्युझियमं पाळतात, आणि काही महिने मांडलं की ते चित्र उतरवून अंधारात विश्रांतीला ठेवतात, त्याजागी दुसरं लावतात. दगड आणि ब्राँझला हा त्रास नाही म्हणून मूर्ती वर्षानुवर्षं त्याच जागी. तुम्ही एक करा, दालनात शिरल्यावर लगेच बघायला लागू नका, मुलांना दोन-चार मिनिटं नुसतं उभं करा, डोळे सरावले की केसाएवढी बारीक रेघसुद्धा दिसते. आणि फ्लॅश नको हे मुलांना आधीच कारणासकट सांगा, नुसतं 'नाही' म्हटलं की कोणी ऐकत नाही, रंग उडतो म्हटलं की ऐकतात.

प्रश्न (कोल्हापूरहून): मुलांना घेऊन एका दिवसासाठी मुंबईला येतोय, राणीची बाग करणारच आहोत, तिथलं म्युझियम बघण्यासारखं आहे का की वेळ वाया जाईल?

उत्तर: वेळ वाया जाणार नाही, उलट आधी म्युझियम करा आणि मग पेंग्विन, कारण पेंग्विननंतर मुलं ऐकणार नाहीत. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ ला उघडलेली इमारत, आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ ला भाऊ दाजींचं नाव दिलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, डॉक्टर आणि संस्कृतचे मोठे अभ्यासक, जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर या म्युझियमसाठी पैसे उभे करणाऱ्यांपैकी एक. आत मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची मातीची छोटी छोटी मॉडेल्स आहेत, ती मुलांना हमखास आवडतात.

बाहेर दगडी हत्ती आहे तो चुकवू नका. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आणून ठेवले आणि १९१४ ला जोडून परत उभा केला. अंगावरचे सांधे अजून दिसतात, मुलांना शोधायला लावा. बुधवारी बंद असतं, आणि दुरुस्तीमुळे कधी कधी काही भाग बंद ठेवतात तेव्हा निघण्याआधी चौकशी करून घ्या.

प्रश्न (सांगलीहून एक निवृत्त वाचक): त्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजकालच्या कलाकारांची प्रदर्शनं भरवतात असं वाचलं. जुन्या म्युझियममध्ये असलं मॉडर्न कशाला? आणि खरं सांगू का, ते कळत नाही.

उत्तर: तुमच्यासारखा प्रश्न अजून तिघांनी विचारलाय. तिथे कलाकारांना बोलावून सांगतात की आमचा संग्रह बघा, इमारत बघा आणि त्याला उत्तर म्हणून काहीतरी करा. सुदर्शन शेट्टी यांनी २०१० ला केलं, जितिश कल्लाट यांनी २०११ ला, अतुल डोडिया यांनी २०१४-१५ ला. पण मी तुम्हाला एकच उदाहरण देते, २०१३ चं, रीना कल्लाट यांचं. त्यांनी म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर प्रचंड मोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं आणि ते जाळं कशाचं, तर मोठमोठ्या रबरी शिक्क्यांचं, सरकारी कचेरीत असतात तसल्या शिक्क्यांचं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचं जुनं इंग्रजी नाव, जे नंतर बदललं गेलं. आता तुम्ही आयुष्यात कचेऱ्यांमध्ये किती शिक्के मारून घेतले असतील, एका शिक्क्याने नाव लागतं आणि एका शिक्क्याने पुसलं जातं हे तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आणि ते टांगलंय कुठे, तर ज्या इमारतीचं स्वतःचंच नाव व्हिक्टोरियाचं पुसून भाऊ दाजींचं झालं तिच्यावर! म्हणून तर ते जुन्याच म्युझियममध्ये हवं, नव्या पांढऱ्या गॅलरीत टांगलं असतं तर अर्धा अर्थ गेला असता. तुम्हाला कळत नाही असं नाहीये, पाटी न वाचता घाईने पुढे जातो आपण सगळे, तेवढंच. आधी वस्तू कशाची केलीय ते बघा, मग पाटी वाचा, मग परत वस्तू बघा.

प्रश्न (नाशिकहून चित्रकलेची विद्यार्थिनी): ताई मला प्रोजेक्टसाठी मुंबईत आधी झालेल्या प्रदर्शनांची माहिती हवी आहे, कधी कुठलं झालं, त्यात काय काय होतं. सर्च केलं तर दोन-चार बातम्या येतात आणि उद्घाटनाचे फोटो. पूर्ण यादी कुठे मिळते?

उत्तर: तुझ्या पत्राने मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने १९२९ पासूनच्या आपल्या सगळ्या प्रदर्शनांची माहिती २०१६ ला लोकांसाठी खुली केली, कुठल्या भिंतीवर काय होतं त्याचे फोटो, कॅटलॉग, वस्तूंची यादी, सगळं घरबसल्या, फुकट. आपल्याकडे असं एका जागी मिळत नाही आणि ते मिळायला हवं, प्रत्येक म्युझियमने हे काम हातात घ्यायला हवं, कारण प्रदर्शन म्हणजे कुणाची तरी चार-पाच वर्षांची मेहनत असते आणि बोर्ड उतरला की तीन महिन्यांत त्याचा मागमूस राहत नाही.

तोवर तू असं कर. पहिलं म्हणजे कॅटलॉग. मोठ्या प्रदर्शनांचे छापील कॅटलॉग निघतात, म्युझियमच्या दुकानात जुने पडलेले असतात आणि लायब्ररीतही, वाचायला आगाऊ परवानगी घे, तुझ्या कॉलेजचं पत्र ने. दुसरं, जी वस्तू बाहेरून आली होती ती ज्या म्युझियमची आहे तिथे शोध. समजा तुला २०१३-१४ मध्ये आलेल्या सायरस सिलिंडरबद्दल हवंय, तर ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात त्याचं पान आहे, मातीचा वीतभर लांबीचा ढोलासारखा गोळा आणि त्यावर अंगावर शहारे येतील इतकी बारीक कीलाक्षरं, म्हणजे खिळ्यासारखी टोकदार अक्षरं, इसवी सनापूर्वी ५३९ ला इराणचा सम्राट सायरसने बॅबिलॉन जिंकल्यानंतरचा मजकूर. अमेरिकेतली शहरं करून तो मुंबईत आला होता, आणि मुंबईत पारशी समाज असताना तो इथे येणं किती योग्य होतं हे वेगळं सांगायला नको. तिसरं, मराठी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या चाळ, बाइंडिंग केलेले जुने अंक मोठ्या वाचनालयांमध्ये असतात, कष्टाचं काम आहे पण यादी तिथूनच तयार होईल. आणि चौथं, माणसं. तुझ्या कॉलेजच्या जुन्या शिक्षकांना विचार, त्यांच्या कपाटात निमंत्रणपत्रिका, घडीपत्रकं निघतील. फोटो काढून घे आणि प्रत्येकावर तारीख, जागा लिही, घडीपत्रकांवर पुष्कळदा दिवस आणि महिना असतो पण सालच नसतं!

सगळ्या वाचकांनाही सांगते, घरात अशी पत्रकं असतील तर रद्दीत देऊ नका, जवळच्या चित्रकला महाविद्यालयाला विचारा, ते घेतील.

प्रश्न (न्यू जर्सीहून): चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं इकडे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमला लागली होती तेव्हा मी नुकतीच आले होते, माहीतच नव्हतं. आता?

उत्तर: ते प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५, संधिनी पोद्दार यांनी केलेलं, मग व्हेनिसलाही गेलं. नागपुरात जन्मलेला, मुंबईत जेजे कला महाविद्यालयात शिकलेला आपला माणूस तिथे मांडला गेला याचा मला आजही फार आनंद आहे. त्याचा कॅटलॉग निघालाय, तुमच्या गावच्या लायब्ररीत नसला तरी दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात, विचारा. आणि सुट्टीत मुंबईला याल तेव्हा काळा घोड्याच्या म्युझियममध्येच जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे, २०११ पासून. आधुनिक भारतीय चित्रं तिथे आलटून पालटून लावतात, तेव्हा काय लागलंय ते आधी बघून ठेवा.

प्रश्न (अलिबागहून): चित्रकार प्रभाकर बर्वे आमच्या नागावचे. २०१९ ला मुंबईला एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या म्हणे, आम्हाला इथे कळेपर्यंत संपलं. इकडे जवळपास काही बघण्यासारखं आहे का?

उत्तर: आहे की, तुमच्या अगदी शेजारी! सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर यांचं घर आहे, बर्वे त्यांच्या नात्यातलेच. त्या घराचंच म्युझियम केलंय. पुण्याचा शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा केला ते हेच करमरकर. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलेलं कलेक्टर ओटो रॉथफील्ड यांनी बघितलं आणि मुंबईला जेजेला शिकायला पाठवलं. अंगणात, ओसरीवर, खोल्यांमध्ये त्यांनी केलेली माणसं आणि जनावरं बसलेली आहेत, बरीचशी सिमेंटची, सिमेंटमध्ये म्हशीच्या पाठीचा कणा आणि सैल कातडी कशी आणलीय ते हात न लावता जवळून बघा. बर्व्यांच्या चित्रांसाठी मात्र मुंबई गाठावी लागेल. त्यांनी स्वतः चित्रकलेवर मराठीत लिहिलेलं पुस्तक आहे, ते अलिबागच्या वाचनालयात मागून बघा, नसेल तर मागवायला सांगा.